उजव्या कानातला नाद

बोरझिरे गावात देवपण यायला फारशी लायकी लागत नाही, वेळ तेवढी बरोबर यावी लागते. इंदिराबाई झांबऱ्यांची ती गेल्या दिवाळीनंतर आली.

त्याआधीची चव्वेचाळीस वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. माहेरी पाच बहिणींत चौथ्या, सासरी तीन जावांत मधल्या. नवरा तोताराम हा केळीच्या बागेशी जेवढा बोलायचा त्याच्या पावपट घरात बोलायचा. मंगळवारच्या भजनी मंडळात इंदिराबाई उंबऱ्यालगत बसायच्या. मंडळाच्या प्रमुख धुरपदाबाईंनी त्यांना टाळ दिले होते, पण वाजवताना हात आखडता ठेवायला सांगितलं होतं, कारण त्यांचा ताल आपल्याच नादात चालतो अशी तक्रार होती.

तर अशा बाईच्या उजव्या कानात एके सकाळी आवाज सुरू झाला. सूं... सूं... सूं. थांबायचं नाव नाही. इंदिराबाईंनी आधी फ्रीजवर संशय घेतला आणि त्याचं बटण बंद केलं. मग शेजारच्या पिठाच्या गिरणीवर घेतला, पण गिरणीवाला लग्नाला गेला होता. शेवटी त्यांनी बागेत तोतारामला फोन लावला.

"अहो, मोटर चालू ऱ्हायली का?"

"सकायपासून लाईट नाही," तोताराम म्हणाला, "मोटर कायची चालते?"

म्हणजे आवाज बाहेरचा नव्हता. आपल्याच छातीच्या ठोक्याबरोबर तो येतो हे दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं. जिना चढलं की तो जोरात धावे, निवांत बसलं की संथ होई.

नेमकं त्याच आठवड्यात गावात प्रवचन झालं होतं. योगी पुरुषांना आतून एक नाद ऐकू येतो, तो कशावर काही आपटून झालेला नसतो, त्याला अनाहत म्हणतात, असं महाराजांनी तासभर समजावलं होतं. मंगळवारी इंदिराबाईंनी चहाचे कप विसळता विसळता भीत भीत कानाचा विषय काढला. धुरपदाबाईंनी हातातली चिपळी खाली ठेवली.

"उजव्या कानात का डाव्या?"

"उजव्या."

"पंखा बंद करा व," धुरपदाबाई म्हणाल्या, "अन् पोरं बाहेर काढा."

पंखा बंद झाला, पोरं बाहेर गेली. धुरपदाबाईंनी पदर सावरून आपला कान इंदिराबाईंच्या कानाला लावला आणि डोळे मिटले. खोटं कशाला सांगा, तो आवाज बाहेरच्यालाही खरोखर ऐकू येत होता. दोघी-तिघींना अगदी स्पष्ट ऐकू आला. बाकीच्यांना, दोघी-तिघींना ऐकू आला म्हणून ऐकू आला. त्या दिवशी चहा दुसऱ्याच कुणीतरी केला आणि इंदिराबाई पहिल्यांदा भिंतीला टेकून, लोडावर बसल्या.

पुढच्या महिन्याभरात त्या 'अक्का' झाल्या. सत्तरीच्या म्हाताऱ्याही त्यांना अक्का म्हणू लागल्या. फैजपूरहून, सावद्याहून बायका कान लावायला येऊ लागल्या. रिकाम्या हातानं देवाकडे जायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून येताना पेढे, शिरा, तुपातले लाडू यायचे आणि प्रसादाला नाही म्हणायचीही रीत नाही. इंदिराबाईंचं देवपण असं अंगाला लागत गेलं. मुळात त्या काही काडीपैलवान नव्हत्या. सहा-सात महिन्यांत त्यांचं वजन अकरा किलोंनी वाढलं, तेव्हा धुरपदाबाई म्हणाल्या की तेज वाढलंय.

एकदा मंगळसूत्राची गाठ सोडवताना बोटं मानेच्या उजव्या बाजूला दाबली गेली आणि नाद चटकन थांबला. बोटं काढली, नाद सुरू. हे इंदिराबाईंनी मंडळात करून दाखवलं. बायकांनी हात जोडले. जिला नाद येतोही आणि आवरताही येतो, तिच्यापुढे दुसरं काय करणार? त्या दोन बोटांना लगेच 'मुद्रा' हे नावही मिळालं.

तोताराम या सगळ्याला ना हो म्हणाला ना नाही. एकदा दुपारी तो बागेतून जेवायला आला तर स्वतःच्याच ओट्यावर एका परगावच्या बाईनं त्याला अडवलं. "दादा, नंबरनं या," ती म्हणाली. तोताराम पाच-दहा मिनिटं नंबरात उभा राहिला, मग पाणी पिऊन परत बागेत गेला.

आता जी गोष्ट इंदिराबाईंनी कुणालाच सांगितली नव्हती, ती सांगतो. त्यांचं डोकं दुखायचं, आणि असंतसं नाही, सकाळी उठताना कुणी आतून ढकलतंय असं वाटायचं. त्याहून वाईट म्हणजे वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. देवाला वाकल्या की देव गायब. पाच-सात सेकंदांनी परत यायचा. हल्ली तर बाजूचं दिसेनासंच झालं होतं. दाराची चौकट खांद्याला लागायची, उजवीकडे बसलेली बाई बोलली की दचकायला व्हायचं. बायका त्याला समाधी म्हणत. इंदिराबाईंना ठाऊक होतं की समाधीत एवढी भीती वाटत नसणार. पण बोलल्या असत्या तर दवाखाना आला असता, आणि दवाखान्यात नाद हा शब्द चालत नाही. जन्मात पहिल्यांदा चार माणसं त्यांच्याकडे तोंड करून बसत होती. ती उठून जातील याची भीती अंधारीच्या भीतीपेक्षा मोठी होती. याला कुणी मूर्खपणा म्हणेल. म्हणणाऱ्यानं आधी चव्वेचाळीस वर्षं उंबऱ्यालगत बसून पाहावं.

भांडं फुटलं ते सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी. काल्याच्या कीर्तनाआधी महाराजांना हार घालायचा मान अक्कांना मिळाला. इंदिराबाई हार उचलायला वाकल्या आणि अंधारी आली. पाच सेकंद गेले, सात गेले, दहा गेले. शेवटी अंदाजानं त्या पुढे सरकल्या आणि समोर जी मान लागली तिच्यात हार घातला. ती मान लाऊडस्पीकरवाल्या जीवरामची होती. तो माईकची वायर गळ्यात अडकवून उभा होता. महाराज शेजारी मान वाकवून तसेच थांबले होते.

मग धुरपदाबाईंचा आवाज आला, "पाह्यलं का? अक्काले महाराज काय अन् जीवराम काय, सारे सारखेच." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. महाराज अनुभवी होते. त्यांनी ठरवलेला अभंग बाजूला ठेवला आणि सर्वांभूती परमेश्वर या विषयावर दीड तास घेतला. जीवरामनं तिथल्या तिथे तंबाखू सोडली.

इंदिराबाईंचा मुलगा हितेंद्र जळगावला शाळेत मास्तर होता, तो सप्ताहाला आला होता आणि स्टेजजवळच उभा होता. त्यानं परमेश्वर पाहिला नाही. त्यानं आईचा हवेत चाचपडणारा हात पाहिला. दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर काढायचाय असं सांगून तो तिला जळगावला घेऊन गेला.

डोळ्यांच्या डॉक्टर चेलनाबाई अमळनेरच्या मारवाड्यांच्या, वयानं हितेंद्रहून थोड्याच मोठ्या. त्यांनी डोळ्यात औषध टाकून आत बराच वेळ पाहिलं आणि चष्म्याचं नावच काढलं नाही. मग एका यंत्रापुढे बसवून हातात बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. इंदिराबाई बसून राहिल्या. मधूनमधून दाबत होत्या. त्यांना वाटलं यंत्र फारच हळू चालतं.

बाहेर आलेल्या कागदावर मधोमध थोडं पांढरं होतं आणि भोवती काळंच काळं.

"हा काळा भाग तुम्हाला दिसत नाही, काकू," डॉ. चेलना म्हणाल्या. "डोळ्यांमागची नस सुजली आहे. डोक्यात पाण्याचा दाब वाढलाय. वजन कमी करावं लागेल आणि गोळ्या घ्याव्या लागतील. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही, पण उरलेली वाचवायची आहे."

तीन महिने गोळ्या झाल्या. गोळ्यांनी हातापायाला मुंग्या आल्या, चहा कडू लागायला लागला, कण्यातून पाणी काढून दाब मोजून झाला. वजन मात्र हटेना, कारण प्रसादात साखर मोजायची नसते असं धुरपदाबाईंचं मत होतं. चौथ्या महिन्यातल्या कागदावर पांढरं आणखी आक्रसलं. मेंदूच्या फोटोत कारण सापडलं. डोक्यातलं रक्त खाली आणणारी उजव्या बाजूची मोठी शीर एका जागी चिंचोळी झाली होती. धुळ्याच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी-शुक्रवारी नाशिकहून डॉ. मनन येतात, तिथे दाखवा, असं डॉ. चेलनांनी सांगितलं.

डॉ. मनन यांनी फोटो पाहिले आणि कुणी काही सांगायच्या आत विचारलं, "उजव्या कानात आवाज येतो? छातीच्या ठोक्याबरोबर?"

इंदिराबाईंनी मान हलवली. डॉक्टरांनी उठून दोन बोटं त्यांच्या मानेला लावली आणि हलकेच दाबली. "आता थांबला?"

थांबला होता. वर्षभर जिला बायका हात जोडत होत्या ती मुद्रा या माणसानं एका हातानं केली होती, आणि दुसऱ्या हातानं तो लिहीत होता. मग त्यानं कानामागे नळी लावून ऐकलं. तो आता तरी हात जोडेल असं इंदिराबाईंना उगीचच वाटून गेलं. "छान ऐकू येतो," असं म्हणून तो परत लिहायला लागला.

मग त्यानं कागदावर शीर काढून दाखवली. रक्ताला उतरायला जागा नाही म्हणून वर दाब साचतो, चिंचोळ्या जागेतून रक्त जोरानं जातं त्याचा हा आवाज. तिथे जाळीची बारीक नळी बसवायची, म्हणजे स्टेंट. शीर उघडी राहील, दाब उतरेल, डोळ्यांची सूज कमी होईल. "आणि आवाज तर बहुतेक लगेच बंद होईल," तो आनंदानं म्हणाला. ही बातमी ऐकून बहुतेक पेशंट रडायच्या बेतात येत. इंदिराबाईही आल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आवाज राहू देऊन नुसते डोळे वाचतील असं काही नाही का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "तुम्हाला आवाज हवाय?"

"आई," हितेंद्र म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.

डॉक्टरांना हसू आलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणाले, "काकू, आवाज आणि दाब एकाच जागेवरून येतात. एक ठेवून दुसरा काढता येत नाही. आज रात्र इथे राहा, घरच्यांशी बोला, उद्या सकाळी सांगा. फार दिवस थांबू नका एवढंच म्हणतो."

संध्याकाळी तोताराम एसटीनं येऊन पोचला आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. वॉर्डातली आया ताईबाई चादर बदलायला आली. ती साक्रीकडची, पन्नाशीची, बोलघेवडी. इंदिराबाईंनी तिला कानातल्या आवाजाचं सांगितलं. परक्या गावी तरी कुणी हात जोडतंय का, ही आशा सुटत नव्हती.

"मनी सासूले बी असाच आवाज ये," ताईबाई उशी झटकत म्हणाली. "दहा वरीस व्हयनात. डोया गयात, काहीच दिसत नही तिले. आवाज मात्र आजून शे."

इंदिराबाई उठून बसल्या. "अन् त्यांना लोक काय म्हणतात? देव वगैरे?"

"देव?" ताईबाईनं उशी खाली ठेवली. "कटकट म्हंतस तिले बठ्ठा लोक."

ती गेली. इंदिराबाई भिंतीकडे बघत बसल्या. दहा वर्षांनी अंधारात बसलेली, कानात सूं सूं ऐकणारी, जिला बघायला कुणीही येत नाही अशी एक म्हातारी त्यांना दिसली, आणि तिचा चेहरा ताईबाईच्या सासूचा नव्हता. त्यांनी सकाळपर्यंत वाट पाहिली नाही, तेव्हाच हितेंद्रला हाक मारून सही कुठे करायची ते विचारलं.

ऑपरेशनच्या आधी एक घोळ झाला. धुरपदाबाईंनी तोतारामबरोबर मंदिरातला अंगारा पाठवला होता, तो इंदिराबाईंनी डोकंभर फासला होता. नर्स मात्र मांडीची जागा साफ करायला लागली.

"बाई, दुखणं वर हाये," इंदिराबाईंनी लुगडं घट्ट धरून बजावलं.

"माहीत आहे, काकू," पलीकडून डॉ. मनन म्हणाले, "पण रस्ता खालून आहे."

मांडीच्या शिरेतून एक तार पोटातून, छातीतून, मानेतून डोक्यापर्यंत जाणार हे ऐकून त्यांनी लुगडं सोडलं. बोरझिऱ्याहून धुळ्याला यायला तीन गाड्या बदलाव्या लागल्या होत्या. हा त्यापेक्षा सरळ रस्ता वाटला.

शुद्ध आली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे बाहेरचं सगळं येत होतं. ट्रॉलीची चाकं, कुणाचा तरी मोबाईल, तोतारामचं खाकरणं. आतलं काही नव्हतं. मानेला बोटं लावून, दाबून, सोडून पाहिलं. काहीच नाही. इंदिराबाई रडल्या. वर्षभर जे रात्रंदिवस सोबत होतं, ज्यानं त्यांना लोडावर बसवलं होतं, ते गेलं होतं. आपण पुन्हा इंदिरा झालो, एवढंच त्यांना वाटत होतं आणि त्याचं त्यांना खरं दुःख झालं. नर्सला वाटलं मांडी दुखतेय. तिनं इंजेक्शन दिलं.

घरी आल्यावर महिनाभर हितेंद्रनं कुणाला भेटू दिलं नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नव्हत्या, गोडाला बंदी होती. डोकं दुखायचं थांबलं. मग एके दिवशी उजवीकडची चौकट खांद्याला न लागता निघून गेली. जळगावच्या नव्या कागदावर पांढरं वाढलं होतं, काठाचं काळं थोडं राहिलं होतं. डॉ. चेलनांनी तो कागद दोनदा तपासला आणि मग इंदिराबाईंच्या हातात दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी ओटा बायकांनी भरला. पंखा बंद झाला, पोरं बाहेर गेली. धुरपदाबाईंनी पदर सावरला, कान लावला, डोळे मिटले. आता कळणार होतं.

"हाये," धुरपदाबाई म्हणाल्या. "पह्यल्यापेक्षा सूक्ष्म झाला. पन हाये."

मागच्या दोघींनीही कान लावले. त्यांनाही सूक्ष्म ऐकू आला. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

इंदिराबाईंना फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची तर त्यांना जन्माची सवय. नुसतं बसलं असतं तरी अक्कापण राहिलं असतं, लोड राहिला असता, कदाचित आधीपेक्षा मोठा मिळाला असता. पण समोरच्या सगळ्या बायकांचे चेहरे त्यांना आज पहिल्यांदा नीट दिसत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्या चेहऱ्यांकडे बघून खोटं बोलणं जड गेलं.

"नाही व धुरपदाबाई," त्या म्हणाल्या. "बंद झाला. डोक्यातली शीर दबली व्हती, त्याचा आवाज व्हता तो. मी आंधळी व्हत व्हते. जीवरामच्या गळ्यात हार घातला तो काही सारे सारखे म्हणून नाही. मले दिसलंच नाही."

मागून कान लावलेल्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मंग मी आता काय आयकलं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही पाहा."

धुरपदाबाई उठल्या. जाताना त्या काही वाईट बोलल्या नाहीत, फक्त टाळ परत मागून घेतले. बाकीच्या एकेक करून पांगल्या. सावद्याच्या बाईनं आणलेला पेढ्यांचा डबा उचलून पिशवीत ठेवला, आणि ते एका अर्थी बरंच झालं. जीवरामनं तंबाखू पुन्हा धरली असं दोनच दिवसांनी कळलं.

ओटा रिकामा झाला. इंदिराबाई लोडाला टेकून बसून राहिल्या. वाईट वाटत होतं, त्याबरोबर फार हलकंही वाटत होतं. समोरच्या गल्लीतून तोताराम बागेतून येताना दिसला. आज अडवायला कुणी नव्हतं. तो ओट्याशी थांबला, पायांतले बूट काढायला एक हात भिंतीला टेकवून वाकला. सदरा त्याच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता. गळ्याची हाडं वर आली होती. गालांत खड्डे होते. पट्ट्याला नवीन भोक पाडून, पट्ट्याचं टोक मागपर्यंत नेऊन खोचलेलं होतं. हा माणूस वर्षभर रोज याच दारानं आत-बाहेर करत होता.

इंदिराबाई उठून त्याच्याजवळ गेल्या आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवून बघू लागल्या. असं त्यांनी लग्नाच्या पंचवीस वर्षांत केलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढे वाळले कधी?"

तोतारामनं दुसरा बूट काढला, तो पहिल्याशेजारी नीट लावून ठेवला.

"तू देव झाली तवापासून," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात काही उरलंय का ते बघायला आत गेला.